अकरा होती, तीन उरली

(आलेलं पत्र, थोडं कापून)

प्रिय मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी घणसोलीला राहते, वय 36, महापेला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. आमची मंडळी लहान आहे, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन रविवारी उपासना भरते. मी तिथे फक्त खुर्च्या मांडते आणि प्रभुभोजनाचे कप धुते. दोन वर्षांपूर्वी शनिवारी संध्याकाळी घरातच सोसायटीतल्या मुलांचा वर्ग सुरू केला. गोष्ट, गाणं, प्रार्थना, फक्त पाऊण तास. सुरुवातीला अकरा मुलं होती, आता फक्त तीन उरली. त्यातला एक तर फक्त बिस्किटांसाठी येतो. तो आपल्यातला नाही, शेजारच्या विंगमधला आहे. सासूबाई म्हणतात, तिघांसाठी घर कशाला पसरतेस. माझी मैत्रीण खारघरला मोठ्या चर्चमध्ये जाते. तिथे बँड आहे, स्क्रीन आहे, तीनचारशे माणसं असतात. तिची साक्ष, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, ऐकली की मला माझीच लाज वाटते. आमच्याकडे साक्षीची वेळ आली की मी मान खाली घालून बसते, सांगण्यासारखं काही नसतंच. मी फक्त एवढंच विचारते, वर्ग बंद करू का? देवाला यातून काही मिळतं का?

ता.क. परवा बुधवारी तिघांमधली सगळ्यात लहान मुलगी दार वाजवून विचारून गेली, 'टीचर, आज शनिवार आहे का?' हसूच आलं.

सलाम, पोरी.

तुझं पत्र मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं. तीस वर्षं वॉर्डात केसपेपर वाचले, त्याची ही सवय. खुर्च्या मांडणं फक्त, पाऊण तास फक्त, मुलं फक्त तीन, येतो तो फक्त बिस्किटांसाठी, आणि विचारतेस तेही 'फक्त एवढंच'. त्या 'फक्त'भोवती पाच वेळा गोल केला. ऑफिसात व्हाउचरं तपासताना तू असं करतेस का ग? तिथे पन्नास रुपयांचा फरक आला तरी ताळा जमेपर्यंत जागची हलत नसशील. स्वतःच्या खात्यात मात्र जमेची बाजू लिहायचीच नाही, हा कुठला हिशेब?

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. वर्ग बंद करू नकोस. निदान मुलं कमी झाली म्हणून तर नाहीच. तुझी तब्येत, घरची अडचण असं काही असेल तर ती गोष्ट वेगळी.

तू हे मंडळीत कुणाजवळ बोललीस तर पहिल्या मिनिटाला तुला बायबलातल्या जखऱ्या संदेष्ट्याचा चौथा अध्याय ऐकवतील. थोडक्या गोष्टींच्या दिवसाला तुच्छ कोण मानतो, वगैरे. लगेच पाठीवर थाप पडेल, 'आज तीन आहेत, उद्या तीनशे होतील बघ.' हे दुसरं वाक्य जखऱ्याचं नाही, ते आपण पदरचं घातलेलं आहे, आणि माझ्या मते त्यानेच घात होतो. कारण मग तू शनिवारी दार उघडतेस ते तिघांना आत घ्यायला नाही, तर न आलेल्या दोनशे सत्त्याण्णवांची वाट बघायला.

त्या वचनामागची हकीकत बघ. यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले, यरुशलेम पडझड झालेलं, त्यांचा पुढारी जरूब्बाबेल याने मंदिराचा पाया घातला. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, ज्या म्हाताऱ्यांनी शलमोन राजाचं आधीचं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते हा पाया बघून मोठ्याने रडले आणि तरुण आनंदाने ओरडत होते. रडणं कुठलं आणि जयघोष कुठला, ओळखू येईना. मग काम बंद पडलं. पायापासून पुरं व्हायला वीसेक वर्षं गेली, इ.स.पू. 516 च्या सुमाराला ते उभं राहिलं. हाग्गय संदेष्टा त्याच काळातला, तो तर तोंडावर विचारतो की पूर्वीचं वैभव पाहिलेलं तुमच्यात कोण उरलंय, आणि हे तुम्हाला त्यापुढे काहीच वाटत नाही ना? म्हणजे तुझ्या मनातलं 'ती खारघरची आणि मी ही' तेव्हाही होतं, फक्त खारघर नव्हतं. (हा 'फक्त' माझा, तुझ्यात धरू नकोस.)

आणि जखऱ्या त्यांना काय सांगतो? भिंत उंच होईल असं नाही. तो म्हणतो, जरूब्बाबेलाच्या हातातला ओळंबा पाहून परमेश्वराचे डोळे आनंदित होतात.

ओळंबा मला घरातून ठाऊक आहे. माझे वडील गवंडी. नगरकडून ठाण्याला आले ते त्या कामालाच. कळव्याच्या आमच्या खोलीत दाराशेजारी खिळ्याला त्यांचा ओळंबा टांगलेला असे, पितळी लोळी, मळकी दोरी आणि वर लाकडाचा गुटका. आम्हा पोरांना त्याला हात लावायची सोय नव्हती. एकदा मी कामावर डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी दाखवलं होतं. गुटका वर भिंतीला टेकवायचा, लोळी खाली सोडायची, आणि ती डुलायची थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. भिंतीला लोळी शिवते न शिवते एवढंच अंतर राहिलं की झालं. मी विचारलं, 'बाबा, भिंत किती उंच होणार?' ते म्हणाले, 'ते इंजिनिअरला विचार.' आज घोडबंदर रोडला चाळीस-चाळीस मजले उभे राहतात, तरी उंची ही ओळंब्याला विचारायची गोष्ट नाही. त्याला एवढंच कळतं की आज चढलेला थर सरळ आहे की बाहेर झुकलाय.

तेव्हा वर्गाला ओळंबा लाव. मुलं येतात तेव्हा तू घरात असतेस का? गोष्ट आधी वाचून ठेवतेस, की त्यांच्यासमोर पानं चाळतेस? एखाद्याच्या घरी आजारपण असेल तर तुला ठाऊक असतं का? गेल्या दोन वर्षांत किती शनिवार दांडी मारलीस? या प्रश्नांची उत्तरं तुझ्या हातात आहेत. अकराची तीन का झाली याचं उत्तर निम्मंअधिक ट्यूशनवाल्यांच्या हातात आहे. दोन वर्षांत दहाची मुलगी बाराची होते आणि बाराव्या वर्षी नवी मुंबईतल्या मुलांना शनिवार उरत नाही. तरी गेलेल्या आठांच्या आयांना एकदा सहज विचार, तक्रारीच्या सुरात नको. कुणाला वेळ अडचणीची असेल, कुणाला काही खटकलं असेल. कळलेलं बरं.

'पण मावशी, मोहरीच्या दाण्याचं झाड होतं ना?' होतं की. पण ते केवढं होतं? लेबानोनचा गंधसरू होत नाही. तिथल्या ऐकणाऱ्यांना यहेज्केलाच्या पुस्तकातला तो उंच गंधसरू आणि त्याच्या फांद्यांतले पक्षी ठाऊक होते, आणि प्रभूने देवाच्या राज्याला दाखला दिला तो मोहरीचा. भाजीपाल्यात मोठी, इतकंच. पाखरं बसतात एवढं झुडूप.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती मी सहसा सांगत नाही.

1988 च्या डिसेंबरात मी सव्वीस वर्षांची होते, नुकती कायम झालेली स्टाफ नर्स. आमच्या तरुण संघाने शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर वैद्यकीय शिबिर घेतलं. टेम्पो केला, कापडी बॅनर रंगवला, ठाण्याहून दोन डॉक्टर नेले. दिवसभर रांग हटेना. मी पाऱ्याचं बीपीचं यंत्र मांडीवर घेऊन बसलेली. एका आजीचं वरचं बीपी दोनशेच्या पुढे गेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, आमच्याजवळ होत्या त्या पंधरा दिवसांच्या निघाल्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी पुडीवर पेनाने सूर्य काढला, म्हणजे सकाळी एक. आणि म्हटलं, 'आजी, पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा येतो.' मला असं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडातून गेलं.

रविवारी मी मंडळीत साक्ष दिली. आमेनवर आमेन. पंधरा दिवसांनी पाड्यावर कुणी गेलं नाही, मीही नाही. ड्युट्या होत्या, मग नाताळ, मग एकेकाची लग्नं. मे महिन्यात दुसऱ्या कामाने त्या बाजूला गेले, तेव्हा पाय वळले. आजी पडवीत गोधडीवर पडलेली, डावी बाजू गेलेली. सुनेने पत्र्याच्या डब्यातून पुडी काढून दाखवली. रिकामी, नीट घडी घातलेली, सूर्य तसाच. आजीने मला ओळखलं. म्हणाली, 'आलीस?'

गोळ्या चालू राहिल्या असत्या तर ती पडली नसती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बीपीची गोळी रोजची असते एवढं मला तेव्हाही शिकवलेलं होतं. एका दिवसाचं मोठं काम करून आम्ही तिचं रोजचं लहान काम बुडवलं. तेव्हापासून कुणी मंडळीत आकडे वाचून दाखवायला लागलं की मला ती पुडी दिसते. यात माझा कडवटपणा असेल. शिबिरं वाईट असतात असं नाही म्हणत मी.

तुझी मैत्रीणही वाईट काम करत नाही, बरं का. तीनचारशे माणसांच्या चर्चमध्येही कुणीतरी सकाळी सातला माइकच्या वायरी सोडवत बसलेलं असतं, कुणीतरी पार्किंगमध्ये शिट्टी घेऊन उन्हात उभं असतं. तिच्याशी मनातल्या मनात शर्यत लावण्यापेक्षा तिला फोन कर आणि मुलांसाठी जुने तक्ते, गाण्यांची पुस्तकं पडून असतील तर माग. देईल ती. आणि संडे स्कूल म्हणजे मोठ्या हॉलचंच काम असं तुला वाटत असेल तर 1780 मध्ये ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्सने ते सुरू केलं तेव्हा मुलं एका बाईच्या राहत्या घरातच जमत होती. त्या घरच्या पसाऱ्याबद्दल कोण काय बोललं ते इतिहासात आलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांचं तरी काय? अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले, रस्त्यात भेटेल त्या माणसाशी मराठीत बोलत हिंडले. त्यांच्या मिशनने 1824 मध्ये मुलींची शाळा काढली. 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले, तेव्हा वय 41. तेरा वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. पुढे 1831 मध्ये नगरला काम सुरू झालं, ते माझ्या आजोबांच्या गावापर्यंत पोचलं, म्हणून आज मी तुला हे लिहितेय. पण हा पुढचा भाग मला ठाऊक आहे, हॉलसाहेबांना नव्हता. ते सकाळी उठून बाहेर पडत ते माझ्या आजोबांच्या भरवशावर नव्हे.

'देवाला यातून काही मिळतं का' असं तू विचारलंस. गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी हलक्या नाण्यांची, गोष्ट तू मुलांना सांगितली असशीलच. त्यातलं एक मला फार उशिरा लक्षात आलं. प्रभू पेटीसमोर बसून बघत होता, तिने टाकल्यावर त्याने शिष्यांना जवळ बोलावलं आणि त्यांना सांगितलं. तिला सांगितल्याचं मार्काने लिहिलेलं नाही. आपल्याला कुणी पाहिलं, आपल्यावर काही बोललं गेलं, याचा पत्ताही नसताना ती बाई घरी गेली असावी. संध्याकाळची भाकरी कशी करायची याच विचारात.

साक्षीचं म्हणशील तर टबीथाचा अध्याय काढ, प्रेषितांची कृत्ये नववा. यापोची ही बाई, दुर्कस म्हणतो ती. तिचा एक शब्दही शास्त्रात नाही. ती मेल्यावर पेत्राला बोलावतात, तो माडीवर जातो, तर विधवा रडत त्याला कपडे दाखवत असतात. हा अंगरखा तिने शिवला, हे वस्त्र तिने शिवलं. मी हे वाचताना नेहमी त्या बायका कपड्याची शिवण उलटी करून दाखवताना बघते, कारण चांगलं काम आतून दाखवायचं असतं हे आपल्या बायकांना ठाऊक असतं. तिची साक्ष तिला द्यावीच लागली नाही. तेव्हा मान खाली घालून बसू नकोस, सरळ बसून दुसऱ्यांचं ऐक. सगळ्यांनी उठून बोललंच पाहिजे असा नियम नाही.

आता थोडी भांडते. तुझ्याशी नाही, तुझ्या मंडळीशी.

कप तू किती वर्षं धुतेस? पत्रात लिहिलेलं नाहीस, पण 'धुते' असं लिहिलंस, 'आमची पाळी असते' असं नाही. मीही धुतलेत. ते इवलेसे काचेचे कप, तळाशी द्राक्षरस सुकून चिकटतो, बोट आत जात नाही, बाटलीचा बारीक ब्रश लागतो. संध्याकाळपर्यंत राहिले तर ट्रेला मुंग्या. काम लहान आहे आणि चांगलं आहे. पण योहानाच्या तेराव्या अध्यायात रुमाल कमरेला बांधणारा गुरू होता, आणि तो म्हणाला ते 'एकमेकांचे पाय धुवा' असं. एकमेकांचे. घणसोलीच्या एकाच बाईने सगळ्यांचे, असं नाही. नम्रतेचा उपदेश वरून करायचा आणि खुर्च्या तिच्याचकडून मांडून घ्यायच्या, हे मी आमच्याकडेही पाहिलंय. पाळकसाहेबांना भेट आणि सरळ सांग, महिन्याची पाळी लावा, कमिटीतल्या भावांची नावंही त्यात घाला. हे मागितल्याने तुझी सेवा कमी होत नाही. आणि रविवारी एखादा दिवस नुसतं येऊन बसायला मिळालं तर उपदेशही कानावर पडेल.

वर्गाचं बोलायचं तर, हजेरी लिहीत असशील तर तीन महिने ती वही कपाटात टाक. त्याऐवजी शनिवारी रात्री प्रत्येक मुलाबद्दल एकेक ओळ लिही, आज काय बोलला, काय विचारलं. फोटो काढून स्टेटसला टाकू नकोस, अगदी मंडळीच्या ग्रुपवरही नको. परीक्षेच्या महिन्यात वर्ग बंद ठेवलास तरी आकाश कोसळत नाही.

तो बिस्किटवाला. त्याच्या आईला भेटून काय शिकवतेस, कुठली गाणी म्हणतेस, ते स्वच्छ सांग आणि तिची संमती घे. ती नको म्हणाली तर नको. मूल दुसऱ्या घरचं आहे आणि सोसायटीत गैरसमज पसरायला वेळ लागत नाही. ती हो म्हणाली तर त्याला बिस्किटं दे आणि त्याच्या येण्याची चौकशी करत बसू नकोस. प्रभूने मेलेल्यातून उठवलेली याईराची मुलगी उठली तेव्हा त्याने काय सांगितलं? हिला काहीतरी खायला द्या.

सासूबाईंचं मला पटतं, खोटं कशाला बोलू. घर त्यांचंही आहे, आणि शनिवारी संध्याकाळी स्वतःच्याच हॉलमध्ये टीव्ही लावता येत नाही म्हणजे काय हे या वयात कळतं. चटई घालणं-काढणं, बिस्किटांचा चुरा झाडणं मुलांकडूनच करून घे, त्यांना आवडतं. आणि सासूबाईंना एकदा दावीद-गल्याथाची गोष्ट सांगायला बसव. नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचार.

राहता राहिला तुझा ताजा कलम. तू तो हसण्यावारी नेऊन सगळ्यात शेवटी टाकलास. मी तिथे पेन्सिल ठेवली. अकरातली आठ गेली हे तू दोन वर्षं मोजत होतीस, आणि ही पोर आठवड्याचे दिवस मोजत होती, तेही तिला नीट येत नाहीत. तिच्या घरी बुधवारी काय होतं, ते मला ठाऊक नाही, तुलाही नसेल.

तिने विचारलं, आज शनिवार आहे का. तू तिला काय म्हणालीस, ते लिहिलं नाहीस. आत बोलावलंस का? कळव.

तुझी,
मावशी